पगार, कर आणि माणसाचे मोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात आयकराची विवरणपत्रे भरून देण्याचे काम मी करतो. जुलै महिना लागला की समोरच्या बाकावर टॉवेल कारखानदार, प्राध्यापक, निवृत्त बँक अधिकारी आणि पुण्याहून दोन दिवसांच्या सुटीवर आलेले तरुण अभियंते बसतात. त्या तरुणांसोबत बऱ्याचदा त्यांचे आईवडील असतात, ज्यांच्या आयुष्याची सगळी कमाई एकत्र केली तरी मुलाच्या दोनतीन वर्षांच्या पगाराइतकी होत नाही. आकडे भरून झाल्यावर ही मंडळी जे प्रश्न विचारतात ते कराच्या कायद्यापुरते नसतात, आणि बाहेर रांग असताना त्यांची नीट उत्तरे देणे जमत नाही. ती येथे सवडीने लिहिली आहेत.

महिन्याला दहा लाख मिळवणारा माणूस वीस हजार मिळवणाऱ्यापेक्षा पन्नासपट मोलाचा असतो का?

नाही. पगार ही कामाची किंमत आहे, आणि किंमत व मोल हे दोन वेगळे शब्द मराठीने उगाच सांभाळलेले नाहीत. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच हा पेच मांडला होता : पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी पाणी स्वस्त, आणि हिऱ्यावाचून कोणाचे काही अडत नाही, तरी हिरा महाग. याचे समाधानकारक उत्तर मिळायला अर्थशास्त्राला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. १८७० च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वालरा यांनी तिघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की बाजारातली किंमत ती वस्तू एकूण किती उपयोगाची आहे यावरून ठरत नाही. हाताशी जेवढे आहे त्यात आणखी एकाची भर पडली तर तिचा किती उपयोग होईल, यावरून ती ठरते. वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या शहराला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. पाणी येण्याच्या दिवशी ज्या घागरीकडे कोणी पाहत नाही, तीच घागर पाणी न येण्याच्या चौथ्या दिवशी शेजारणीकडे मागावी लागते. घागर तीच आणि पाणीही उजनीचेच असते.

माणसाच्या कामाचेही तसेच आहे. एखादे कौशल्य असलेली माणसे किती आहेत, त्यांना मागणी किती आहे आणि सौदा करताना कोण किती काळ थांबू शकतो, एवढेच पगाराचा आकडा सांगतो. त्या माणसाशिवाय समाजाचे काय होईल, हे तो सांगत नाही.

पण कोणी उगाच कोणाला कोट्यवधी रुपये देत नाही. त्या माणसात काहीतरी असतेच ना?

असते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाह येथे झालेल्या आयपीएलच्या लिलावात ऋषभ पंत यांच्यावर २७ कोटी रुपयांची बोली लागली, ती त्यांच्या खेळावरच लागली. मात्र लिलावात किंमत कशी चढते याकडे लक्ष द्यावे. संघांकडे खर्चाची ठरलेली मर्यादा असते, तसा खेळाडू त्या दिवशी दुसरा उपलब्ध नसतो आणि बोली लावणारा दुसरा संघ माघार घेईपर्यंत आकडा वाढत राहतो. त्या आकड्यात खेळाइतकाच दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकसंख्येचाही हिस्सा असतो. पडद्यासमोर कोट्यवधी लोक बसलेले असले की पहिल्या क्रमांकाच्या आणि शंभराव्या क्रमांकाच्या खेळाडूतील थोडासा फरकही कमाईत शेकडोपट होऊन बसतो. शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले.

याहून बोलके उदाहरण ऑक्टोबर २०२२ मधले आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महिला आणि पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले : कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये. त्याआधी महिलांना एकदिवसीय सामन्यासाठी १ लाख रुपये मिळत होते. निर्णय झाला त्या रात्री सांगलीच्या स्मृती मानधना सहापट चांगल्या फलंदाज झाल्या नाहीत. त्या आदल्या दिवशी होत्या तशाच होत्या. बदलला तो देणाऱ्यांचा निर्णय.

मोठ्या कंपनीच्या प्रमुखाचा पगार कोण ठरवते?

कंपनीचे संचालक मंडळ आणि त्याची वेतनविषयक समिती तो ठरवते, आणि भागधारक त्याला मान्यता देतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार सर्व संचालकांचा आणि व्यवस्थापकांचा मिळून मोबदला सर्वसाधारणपणे निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांपेक्षा आणि एकच व्यवस्थापकीय संचालक असेल तर त्याचा ५ टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा आहे. भागधारकांचा विशेष ठराव करून ती ओलांडता येते. याच कलमाने शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीवर प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यास बरोबर मधोमध येणाऱ्या, वेतनाच्या किती पट आहे, ते जाहीर करण्याचे बंधन घातले आहे. हा आकडा संचालक मंडळाच्या अहवालात किंवा त्याच्या परिशिष्टात असतो. आपण शेअर घेतलेल्या कंपनीचा अहवाल उघडून तो एकदा अवश्य पाहावा, कारण कित्येक ठिकाणी तो शेकड्यांत असतो.

सरकारी नोकरीशी तुलना केली की त्या आकड्याचा अर्थ ध्यानात येतो. सातव्या वेतन आयोगाने केंद्र सरकारातील सर्वांत कमी मूळ वेतन १८,००० रुपये आणि मंत्रिमंडळ सचिवांचे २,५०,००० रुपये ठरवले, म्हणजे अंतर चौदा पटींच्या आत राहिले. संपूर्ण देशाचा कारभार पाहणाऱ्या पदाचे काम साबण किंवा सिमेंट विकणाऱ्या कंपनीच्या प्रमुखापेक्षा हलके आहे, असे कोणी म्हणणार नाही. तरीही दोन पगारांत जमीनअस्मानाचा फरक पडतो, कारण दोन्हीकडे पगार ठरवणारे लोक आणि त्यांचे नियम वेगळे आहेत.

विडी वळणाऱ्या बाईची मजुरी कमी आहे, कारण ते काम कोणालाही येते. हे खरे नाही का?

ज्याला असे वाटते त्याने एकदा पान हातात घेऊन पाहावे. तेंदूचे पान भिजवायचे, फडक्यात बांधून ते नरम राखायचे, मापाला लावून कात्रीने कापायचे, त्यात तंबाखू अशा बेताने भरायची की विडी ना सैल राहील ना दाट होईल, मग बोटांच्या एका वळशात ती गुंडाळून सुताने बांधायची आणि तोंड दुमडायचे. आणि हे दिवसातून हजारदा, स्वयंपाक आणि मुलांची शाळा सांभाळून. मजुरी मिळते ती हजारावर, तीही कारखान्याने खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या वजा करून. माझी आजी हे काम करीत असे. तिच्या उजव्या हाताची बोटे म्हातारपणी सरळ होत नव्हती, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

ही मजुरी कमी राहण्याची कारणे कौशल्यात सापडत नाहीत. काम घरोघरी विखुरलेले आहे, त्यामुळे बाया एकमेकींशेजारी बसून भाव ठरवू शकत नाहीत; काम देणारे मोजके आहेत आणि मागणाऱ्या हजारो; आणि घरापासून लांब जाऊन दुसरे काम करण्याची मुभा बहुतेकींना नसते. जिला उद्या सकाळी चूल पेटवायची आहे, तिला भाव पटत नाही म्हणून थांबता येत नाही.

याच शहराने कौशल्याची किंमत एका रात्रीत शून्य झालेलीही पाहिली आहे. आधी 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी बंद पडली आणि पुढे नरसिंग गिरजी आणि लक्ष्मी-विष्णू या गिरण्याही बंद पडल्या. भोंगा वाजायचा थांबला त्या दिवशी साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या, कामगाराच्या हातातली कला कुठे गेली नव्हती. तुटलेला धागा आवाजावरून ओळखणारे कान आदल्या दिवशी होते तसेच होते. बाजाराच्या हिशेबात मात्र ते कान कवडीमोल झाले, आणि पुढची कित्येक वर्षे त्या घरांतली चूल बायकांच्या विड्यांवर पेटली. पगार म्हणजे माणसाची खरी योग्यता असे मानायचे, तर त्या सगळ्या माणसांची योग्यता एका सोमवारी संपली असे म्हणावे लागेल. हे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

आशाताई आणि अंगणवाडीताईंची सेवा अनमोल असते. तिची पैशात तुलना करणे योग्य आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तरीही मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा स्वयंसेविकांची योजना आली, आणि त्यांना मिळते त्या रकमेला वेतन म्हटले जात नाही. मोबदला किंवा मानधन म्हटले जाते. शब्द मानाचा आहे, पण त्या शब्दामागे वेतनाचे हक्क उभे राहत नाहीत. माणसाचे मोल पैशात मावत नाही हे मी वर म्हटले आहे आणि त्यावर ठाम आहे. पण त्याचा अर्थ 'तुमचे मोल करता येत नाही, म्हणून कमी घ्या' असा कधीच होऊ शकत नाही. संविधानाच्या कलम ४३ मध्ये राज्याने कामगाराला निर्वाहवेतन मिळवून देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. कामाला योग्य दाम देणे हा हिशेबाचा भाग आहे आणि माणसाला माणूस म्हणून मान देणे हा त्याहून वेगळा. पहिल्याची थकबाकी दुसऱ्याने फिटत नाही.

मी लाखो रुपये कर भरतो. देश माझ्यासारख्यांच्या पैशावर चालतो. मग माझे म्हणणे अधिक ऐकले जायला नको का?

नको. आयकर भरणारे थोडे आहेत, पण कर भरणारा तर प्रत्येकजण आहे. मोबाईलमध्ये रिचार्ज भरला की त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर जातो, आणि तो दर रिचार्ज भरणाऱ्याचे उत्पन्न पाहून बदलत नाही. गाडीत भरलेल्या डिझेलवरचा कर मार्केट यार्डात उतरणाऱ्या कांद्याच्या भावात येतो आणि तिथून विडी कामगाराच्या ताटात.

व्यवसाय कराची गोष्ट तर आपल्या दुष्काळी जिल्ह्याने विसरू नये अशी आहे. पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते याच कराचे. महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेसाठी निधी उभा करण्याकरिता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आणि बंधाऱ्यांवर माती वाहून जगलेल्या माणसांना कामाचा हक्क देणारी ही योजना शहरातल्या पगारदारांच्या पैशावर उभी राहिली. पण याच कराला संविधानाच्या कलम २७६ ने वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे, आणि ती १९८८ पासून बदललेली नाही. परिणामी महिना वीस हजार मिळवणारा कारकून आणि महिना वीस लाख मिळवणारा कंपनीप्रमुख हे दोघे आज अगदी सारखाच व्यवसाय कर भरतात. कराच्या आकड्यावरून माणसाची योग्यता ठरवू पाहणाऱ्याने या दोघांचे काय करायचे, याचे उत्तर द्यावे.

मताच्या बाबतीत तर निकाल कधीच लागलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात प्रत्येकाच्या मताचे मूल्य सारखे राहील, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात आपण माणसांचे समान मूल्य नाकारतच राहू, आणि ही विसंगती फार काळ ठेवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. अधिक कर भरणाऱ्याला अधिक आवाज द्यावा ही मागणी म्हणजे जे एक क्षेत्र समान आहे तेही असमान करा, असे म्हणणे आहे.

३० टक्के कर म्हणजे कमाईचा तिसरा हिस्सा सरकारला जातो. ही कष्टाला शिक्षा नाही का?

आधी हिशेब नीट करू, कारण हा गैरसमज शिकलेल्यांतही फार आहे. वरचा दर सगळ्या उत्पन्नाला लागत नाही. त्या टप्प्याच्या वरच्या भागालाच लागतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीनुसार २५ लाख रुपये पगार असलेल्याची ७५,००० रुपये प्रमाणित वजावट गेली की २४,२५,००० उरतात. पहिल्या ४ लाखांवर काहीच कर नाही. नंतरच्या प्रत्येक ४ लाखांवर अनुक्रमे ५, १०, १५, २० आणि २५ टक्के, म्हणजे २०, ४०, ६०, ८० हजार आणि १ लाख रुपये. आणि शेवटच्या केवळ २५,००० वर ३० टक्के, म्हणजे ७,५०० रुपये. एकूण ३,०७,५०० आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ३,१९,८०० रुपये होतात. पगाराच्या प्रमाणात हे १३ टक्क्यांच्याही खाली आहे.

दर खरोखर जाचक होते ते १९७३-७४ मध्ये. तेव्हा सर्वांत वरच्या टप्प्यावर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता, म्हणजे त्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याकडे राहत. एवढ्या दरामुळे काळा पैसा वाढतो असे वांच्छू समितीने सांगितल्यावर तो उतरत गेला, १९८५ च्या अर्थसंकल्पात ५० टक्क्यांवर आणि १९९७ च्या अर्थसंकल्पात ३० टक्क्यांवर आला. आज पाच कोटींच्या वरच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत अधिभार आणि उपकर धरून ३९ टक्के पडतात. १९७३ सालचा दर चूक होता असे मी स्पष्टपणे मानतो. पण त्या काळातल्या उद्योजकाची योग्यता शंभरात सव्वादोन होती आणि आजच्याची एकसष्ट आहे, असे कोणी म्हणत नाही. दर ही त्या त्या संसदेने केलेली निवड असते.

निदान जो कष्ट करतो त्याला एका दराने आणि बसून खाणाऱ्याला त्याहून जड दराने कर लागतो का?

उलट आहे. पगाराच्या वरच्या टप्प्यावर ३० टक्के लागतात, तर नोंदणीकृत कंपन्यांचे शेअर वर्षाहून अधिक काळ ठेवून विकल्यास सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के. संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला आणि वारशावरचा मृत्यूकर १९८५ मध्ये. शेतीचे उत्पन्न तर आयकरातून पूर्ण मोकळे आहे. ही सूट कोरडवाहू ज्वारीवाल्याला हवीच, पण शंभर एकरांवर द्राक्ष आणि डाळिंब घेणाऱ्यालाही ती तशीच मिळते. हे मी रोज पाहतो आणि मला ते अन्याय्य वाटते.

आपल्याकडे या विषयावर जुने लोक काय सांगून गेले?

सोलापूरकराला लांब जायला नको. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून जो तलाव खोदवला, त्याच्या काठी आजही गड्ड्याची यात्रा भरते. सिद्धरामेश्वर ज्यांच्यापैकी एक होते त्या शिवभक्त संतांच्या, म्हणजे शरणांच्या, परंपरेत दोन शब्द जोडीने येतात : कायक आणि दासोह. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम, आणि त्यात कोणाचेही काम हलके नाही. तेथे न्हावी, चांभार, धोबी, दोर वळणारा हे सगळे शरण आहेत. दासोह म्हणजे त्या श्रमातून आलेले, गरजेपुरते ठेवून, सर्वांसाठी परत देणे. पगाराचा आणि कराचा एकत्र विचार याहून नेमक्या शब्दांत झालेला माझ्या वाचनात नाही. यात कमावणे पाप नाही आणि देणे म्हणजे उपकारही नाही.

माझ्या आईने विड्या वळून मला शिकवले. आज माझा एका महिन्याचा पगार तिच्या वर्षाच्या मजुरीहून अधिक आहे आणि मला त्याची लाज वाटते. मी काय करावे?

लाज वाटून घेऊ नये. तिने विड्या वळल्या त्या तुम्ही वळू नयेत म्हणूनच. पण तो पगार एकट्याच्या गुणांचा आहे असेही समजू नये. तुम्हाला शाळेत असताना विडी कामगारांच्या पाल्यांची शिष्यवृत्ती मिळाली असेल, तर ती कल्याण निधीतून आली, आणि तो निधी १९७६ च्या कायद्याने दर हजार विड्यांवर बसवलेल्या उपकरातून उभा राहत होता. म्हणजे तुमच्या आईसारख्या बायांनी वळलेल्या प्रत्येक हजारातले काही पैसे तुमच्या वह्यापुस्तकांवर खर्च झाले. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ मध्ये, तो उपकर रद्द झाला; आता तोच खर्च सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून, म्हणजे तुम्ही भरता त्या करातून, व्हावा लागतो. सोलापूरजवळच्या कुंभारीला २००६ मध्ये विडी कामगार बायांना मिळालेली दहा हजार घरेही त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यासोबत सरकारी अनुदानातूनच झाली.

करायचे म्हणाल तर या सुटीत एक काम करा. आईचे भविष्य निर्वाह निधीचे खाते आणि तिची सेवेची वर्षे नीट नोंदलेली आहेत का, ते पाहा. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, आणि दहा वर्षांची सेवा नोंदलेली नसेल तर तेवढेही मिळत नाही. नावातले एक अक्षर आधारपत्राशी जुळत नाही म्हणून वर्षानुवर्षे खोळंबलेली प्रकरणे माझ्याकडे येतात. येताना तिचे आधारपत्र, बँकेचे पुस्तक आणि कारखान्याचे जुने ओळखपत्र घेऊन या. कार्ड फाटलेले असले तरी चालेल, त्यावरचा क्रमांक वाचता आला पाहिजे.